सोमवार ते शुक्रवारचा तक्ता

वाघोली, २८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नमस्कार. दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो, पण फराळाच्या गडबडीत कामाचं बोलायचं राहून गेलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू म्हणतेस, माणसासारखं सविस्तर लिही. म्हणून ही मेल.

माझा मोठा कॉम्प्युटर तू पाहिला आहेस. काळं कॅबिनेट, एका बाजूला काच. त्याला पुढे तीन पंखे आहेत आणि मागे एक. हे चारही पंखे बटण दाबल्या क्षणापासून पूर्ण जोरात फिरतात. काम हलकं असो की जड, त्यांना फरक पडत नाही. आमचं घर एका बेडरूमचं, कॉम्प्युटर बेडरूममध्येच. शेफालीची रात्री झोप मोडते. दुकानदार म्हणतो, महागातले पंखे घ्या. मला तो उपाय पटत नाही.

तू अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात अशाच छोट्या पंख्यांची तपासणी केलीस. हे पंखे गप्प कसे करायचे ते सांग. अगदी बंद नकोत, पण भिंतीपलीकडे आवाज जाता कामा नये. आणि मावशी, जरा लवकर सांग. सध्या माझं कशातच लक्ष लागत नाही.

तुझा
दत्तप्रसाद

*

कसबा पेठ, २९ ऑक्टोबर

चि. दत्तप्रसाद,

दिवाळीत तीन तास बसून अकरा बेसनाचे लाडू खाल्लेस, तेव्हा तोंड रिकामं नव्हतं हे मला मान्य आहे. तीन वर्षं हा कॉम्प्युटर घरात आहे, मग शेफालीची झोप नेमकी आत्ताच का मोडायला लागली, हे काही कळलं नाही. असो.

दुकानदाराचं ऐकू नकोस. तो दुकान चालवायला बसला आहे.

पहिलं काम. प्लग काढ, झाकण उघड आणि प्रत्येक पंख्याच्या तारा मोज. तीन असतील किंवा चार. तीन तारांच्या पंख्यात एक अधिक, एक उणे आणि तिसरी फेरे मोजून कळवणारी. चार तारांच्या पंख्यात चौथी तार हुकूम आणते, हळू फिर, जोरात फिर. तीन तारांच्या पंख्याला हुकूम ऐकू येत नाही. त्याला हळू करायचं तर त्याची वीजच कमी करावी लागते. माझा अंदाज असा, की तुझे पंखे तीन तारांचे आहेत आणि तुझा बोर्ड चौथ्या तारेवरून हुकूम सोडत बसला आहे. बोर्डाच्या सेटिंगमध्ये दोन्ही पद्धती असतात. बदलून बघ.

दुसरं काम. प्लग लाव आणि उदबत्ती पेटव. धूर पुढच्या जाळीतून आत ओढला गेला पाहिजे आणि मागून बाहेर पडला पाहिजे. उलटा जात असेल तर पंखा उलटा बसवला आहे. हे सगळं कंपनीतून आल्यावर निवांत कर, घाईघाईत पात्यात बोट घालून घेऊ नकोस.

मावशी

*

वाघोली, १ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तीन तारा. चारही पंख्यांना तीनच. बोर्डावर 'पीडब्ल्यूएम', म्हणजे चौथ्या तारेचं सेटिंग होतं, ते 'डीसी', म्हणजे वीज कमी करायचं केलं आणि पंखे एकदम खाली बसले. तीन वर्षं मी उगाचच हेडफोन घालून बसत होतो.

आणखी एक सापडलं. पुढच्या मधल्या पंख्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या आणि हाराचा दोरा. खंडेनवमीला शेफालीने कॉम्प्युटरला हार घातला होता, तो दोरा आत ओढला जाऊन आसाला गुंडाळला होता. चिमट्याने काढला. उदबत्तीचा धूर बरोबर दिशेने जातो.

पण आता नवाच ताप. पंखे दर चार-पाच सेकंदांनी वर चढतात, खाली येतात, परत चढतात. एकसारखा आवाज माणूस विसरतो, हा विसरता येत नाही. शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी परवा लिफ्टमध्ये शेफालीला विचारलं, तुमच्याकडे काय घरघरतं हो? शेफालीने मला विचारलं. मी म्हटलं, बघतो. तेव्हापासून मला भिंतीकडे पाठ करून बसवत नाही.

एक चांगली बातमी, तीही दिवाळीत सांगायची राहिली. शेफालीला पीएचडीला प्रवेश मिळाला आहे, तिच्या त्या गवतांवरच. गाईडबाईंची अट आहे की पूर्णवेळ यायचं. म्हणजे कॉलेजची नोकरी सोडावी लागणार. पंचवीस नोव्हेंबरच्या आत राजीनामा द्यायचा म्हणते. माझा पगार आहे म्हणून तिला हे जमतंय, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे.

पंख्यांचं लवकर सांग.

दत्तप्रसाद

*

कसबा पेठ, २ नोव्हेंबर

चि. दत्तप्रसाद,

शेफालीची बातमी वाचून फार बरं वाटलं. मागे आली होती तेव्हा माझ्या तुळशीच्या कुंडीतलं तण उपटू दिलं नाही तिने. त्याला नाव आहे म्हणाली, आणि नाव लिहूनही दिलं. मी ते तण अजून राखून आहे आणि तुळस वाळत चालली आहे. तिला म्हणावं, राजीनामा देताना हात अडखळला तर मावशीची आठवण काढ.

आता पंखे. तुझे पंखे प्रोसेसरचं तापमान बघून वागतात आणि ते तापमान क्षणात चढतं, क्षणात उतरतं. पंखे त्याच्यामागे धावतात. त्यांना थांबायला शिकव. वेग बदलण्याआधी दहा-बारा सेकंद वाट बघा, असं सेटिंग असेल ते शोध. साठ अंशांपर्यंत एकच मंद वेग ठेव, त्यानंतर हळूहळू चढव.

पण अंदाजाने मी आणखी काही सांगणार नाही. आमच्या विभागात तक्ता पाहिल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. अशी नोंद ठेवणारे फुकटचे प्रोग्रॅम असतात म्हणे. सोमवार ते शुक्रवार, दर पंधरा मिनिटांनी, आतलं तापमान किती आणि प्रत्येक पंख्याचे फेरे किती, असा तक्ता काढ आणि जसाच्या तसा पाठव. काटछाट करू नकोस. बिघाड नेहमी माणसाने गाळलेल्या ओळीत असतो.

मावशी

*

वाघोली, ८ नोव्हेंबर

मावशी,

तक्ता जोडला आहे. तीन ते सात तारखेचा. काही गाळलेलं नाही. बारा सेकंदांचं सेटिंग केल्यावर वर-खाली होणं थांबलं, पण दुपारी बराच वेळ पंखे जोरात चढून तिथेच राहतात. ते खाली कसे आणायचे तेवढं सांग. गडबडीत आहे, पुढच्या वेळी नीट लिहीन.

दत्तप्रसाद

*

कसबा पेठ, ९ नोव्हेंबर

दत्तप्रसाद,

तक्ता काल संध्याकाळी वाचला आणि आज सकाळी परत वाचला. शेजारच्या ऋतिकाकडून त्याची छापील प्रत काढून घेतली, कारण पडद्यावर मला ओळी चुकल्यासारख्या वाटत होत्या. ओळी चुकल्या नव्हत्या.

तुझा कॉम्प्युटर रात्री बंद असतो. पाचही रात्री. मग शेफालीची झोप कशाने मोडते?

तो सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांच्या आसपास सुरू होतो. साडेनऊपासून तापतो आणि चार-चाळीसला बंद होतो. पावणेएक ते सव्वा या अर्ध्या तासात जरा थंड होतो, म्हणजे चालवणारा जेवायला उठतो. सोमवारी असं, मंगळवारी असं, शुक्रवारी असं. एक दिवसही खाडा नाही.

आधी वाटलं, शेफाली घरी असेल. पण तिने गुरुवारी मला कॉलेजातून फोटो पाठवला होता, मुलांना घेऊन ओढ्याकाठी गवत बघत होती, दुपारी दोन वाजता. त्याच दोन वाजता तुझ्या घरातल्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान एक्क्याऐंशी होतं. तू हिंजवडीत असतोस. मग तुझ्या घरात कोण बसतं?

मी कंपनीला फोन करणार नाही, तुझ्या आईला विचारणार नाही. तुला विचारते आहे. नोकरी आहे का?

मावशी

*

वाघोली, १० नोव्हेंबर

मावशी,

नाही.

बावीस सप्टेंबरला गेली. एका लहानशा खोलीत बोलावलं, सात मिनिटं बोलले, कार्ड आणि लॅपटॉप काढून घेतला. आमच्या गटातले नऊजण गेले. मी कंपनीच्या बसची वाटही पाहिली नाही, चालत सुटलो आणि कुठे चाललोय ते वाकडला पोचेपर्यंत कळलं नाही.

घरी येताना पूर्ण रस्ताभर वाक्य तयार करत होतो. दार उघडलं तर शेफालीच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. प्रवेशाची मेल त्याच दुपारी आली होती. ती आठ वर्षं त्या मेलची वाट बघत होती मावशी. आमच्या लग्नाच्या आधीपासून. मी पेढा खाल्ला. म्हटलं, उद्या सांगू. मग तो उद्या रोज पुढे गेला.

आता रोज सव्वासातला बॅग घेऊन निघतो. केसनंद फाट्यावर दोन चहा पितो. आठ-चाळीसला तिची स्कूटर जाते, नऊला मी चोरासारखा जिन्याने घरी येतो. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून सहा मजले चढतो. तिने मला ऑफिससाठी भरून दिलेला डबा मी आमच्याच डायनिंग टेबलवर बसून खातो. ती पोळ्यांना तूप जास्त लावते हल्ली, प्रवासात दमतोस म्हणून.

एक काम चालू आहे. एका स्टुडिओकडून चाचणी म्हणून मिळालं आहे. अजून न बांधलेल्या सोसायटीची चार मिनिटांची फिल्म, बाग, लॉबी, गच्ची सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं. बावीस नोव्हेंबरला द्यायची आहे. आवडली तर ते वर्षभराचा करार करणार आहेत. म्हणजे पंचवीस तारखेच्या आधी माझ्याकडे काहीतरी असेल. मग मी तिला दोन्ही एकदम सांगेन, नोकरी गेली आणि काम मिळालं. नुसतं पहिलं सांगितलं तर ती प्रवेश सोडून देईल, मला पक्कं माहीत आहे.

रात्री काम केलं तर ती विचारेल काय चाललंय. दिवसा केलं तर चंद्रभागाकाकू. परवा त्यांनी आमच्या दाराची बेल वाजवली. मी श्वास रोखून उभा राहिलो. पंखे माझ्या मागे भणभणत होते आणि दार बंद, बाहेर कुलूप नाही. म्हणून मला ते गप्प हवे आहेत. तुझ्याशी खोटं बोललो त्याची लाज वाटते.

मला बावीसपर्यंत वेळ दे. शेफालीला काही सांगू नकोस. हात जोडतो.

दत्ता

*

कसबा पेठ, ११ नोव्हेंबर

चि. दत्ता,

रात्रभर कूस बदलत होते. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे.

तुला एक गोष्ट सांगते जी तुझ्या आईलाही माहीत नाही. कारखान्यात मी पंखे कानाने तपासायचे. प्रत्येक पंखा कानाजवळ दहा सेकंद. बेअरिंगमध्ये बारीक खरखर आली की बाजूला ठेवायचा. माझा कान विभागात पहिला, असं सुपरवायझर म्हणायचे. मग माझं ऐकू येणं कमी व्हायला लागलं. आधी बारीक आवाज गेले, म्हणजे नेमकी ती खरखर. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं असतं, आणि मला माझ्या कानाचा फार गर्व होता. चार वर्षं मी पंखा कानाशी धरून ऐकल्याचं सोंग केलं.

माल परत यायला लागला. बेअरिंग बसवायच्या जागी हिरा नावाची बाई होती, माझ्या पलीकडच्याच बाकावर, रोज मला लसणाची चटणी आणायची. साहेब म्हणाले, हिराचा हात बिघडला आहे. हिरा म्हणाली, मग प्रेमलाबाईंच्या तपासणीत ते पास कसे झाले? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या टेबलावर आले तेव्हा चांगले होते. तिला काढलं. त्यानंतर मी बोटाच्या टोकाने पंखा तपासायला शिकले, बोटाला खरखर कळते. पण ते नंतर. हिरा सोलापूरकडे गेली, आणि मी शोधायचं ठरवेपर्यंत वारल्याची बातमी आली.

हे ऐकून तू आज सांगावंस असं मला वाटतं. शेफाली तुझ्या पगारावर भरवसा ठेवून पाय उचलते आहे. तिला खाली पायरी नाही हे माहीत असायला हवं. तिने प्रवेश सोडायचा की नाही हे ठरवणारा तू कोण?

पण तू हात जोडले आहेस आणि माझ्याने नाही म्हणवत नाही. बावीसला काम दे आणि त्याच संध्याकाळी सांग. करार मिळो की न मिळो. तोवर मी गप्प राहीन.

पंख्यांचं. तुझं खरं तापणं ग्राफिक्स कार्डात आहे आणि पंखे बघतायत प्रोसेसरकडे. एखाद्या प्रोग्रॅमने त्यांना कार्डाचं तापमान बघायला लाव. पुढचे तीन पंखे चाळीस टक्क्यांवर ठेव, मागचा पन्नासवर. कॅबिनेट भिंतीला टेकलं असेल तर पुढे ओढ आणि खाली जुनी सतरंजी दुमडून घाल, भिंतीपलीकडे जातो तो आवाज थरथरीचा असतो. मात्र जाळी झाकली जाणार नाही हे बघ. चाळीसच्या खाली जाऊ नकोस. वीज कमी पडली की असा पंखा थांबतो, आणि एकदा थांबला की तेवढ्याच विजेवर परत उठत नाही. थांबलेला पंखा आवाज करत नाही, त्यामुळे तुला कळणारही नाही.

मावशी

*

वाघोली, २० नोव्हेंबर, सकाळ

मावशी,

फाट्यावरच्या बाकावर बसून मोबाइलवरून लिहितोय. सगळं गेलं.

तुझ्या आकड्यांवर आठवडाभर छान चाललं होतं. मंगळवारी चंद्रभागाकाकू शेफालीला म्हणाल्या, दुपारी तुमच्याकडे नक्की कुणीतरी असतं, वॉचमनला सांगू का? शेफाली हसली, मी पण हसलो. काल सकाळी पुढचे पंखे चाळीसवरून पंचवीसवर आणले. इतकी शांतता झाली की मला मोकळा श्वास घेता आला. फिल्मचा शेवटचा भाग तयार व्हायला लावला आणि पलंगावर आडवा झालो, डोळा लागला. कितीतरी दिवसांनी झोपलो होतो.

तीन-दहाला जाग आली तेव्हा पडदा काळा होता. काचेला हात लावला तर चटका बसला. पुढचे दोन पंखे थांबलेले होते. पुन्हा चालू केला तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. कार्ड गेलं. शेवटचा भाग नव्याने करायला तीन दिवस लागले असते आणि करायला मशीनच नाही. स्टुडिओला फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्याकडून करून घेतो. सभ्यपणे म्हणाले.

तू चाळीस म्हणाली होतीस.

काल रात्री शेफाली फार खुशीत होती. सारखी माझ्याकडे बघून हसत होती. आज पण सव्वासातला निघालो. कुठे जाऊ कळत नाही. घरात आता काम नाही आणि बाहेर पण नाही. सारखं उठून चालावंसं वाटतं, चार पावलं चाललो की परत बसावंसं वाटतं.

दत्ता

*

कसबा पेठ, २० नोव्हेंबर, दुपार

दत्ता,

आज सांग. ती घरी आली की पर्स ठेवायच्या आधी सांग. चहा होऊ दे म्हणालास तर चहानंतर जेवण येतं आणि जेवणानंतर उद्या. पंचवीसला पाच दिवस आहेत, अजून वेळ गेलेली नाही.

कार्डाचा विचार करू नकोस. घरी जा, तोंड धू, दार उघडं टाकून बस. चंद्रभागाबाई आल्या तर त्यांना आत घे.

मावशी

*

वाघोली, २४ नोव्हेंबर

ती. मावशी,

शेफालीचा नमस्कार. तुम्हाला दत्ताकडून कळलं असेल किंवा नसेल, म्हणून मीच लिहिते. त्याची नोकरी सप्टेंबरातच गेली. मला गुरुवारी संध्याकाळी सांगितलं, मी चप्पलही काढली नव्हती.

तो सांगत होता आणि मी ऐकत होते. त्याला वाटलं मी रडेन किंवा ओरडेन. मी विचारलं, आज तारीख किती? तो म्हणाला, वीस, अजून पाच दिवस आहेत, तू राजीनामा देऊ नकोस.

मावशी, मी राजीनामा सतराला दिला. सोमवारी. पंचवीसपर्यंत थांबले असते तर माझा धीर सुटला असता. तुम्ही निरोप पाठवला होतात ना, हात अडखळला तर आठवण काढ म्हणून. खरंच काढली. दत्ताला अठ्ठावीसला सांगणार होते, आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. तेवढे दिवस ते गुपित पोटात ठेवताना मला किती मजा येत होती, ते आठवलं की आता स्वतःची कीव येते.

शुक्रवारी प्राचार्यांकडे गेले. त्या चांगल्या आहेत, बसवून पाणी दिलं. पण जागेवर दुसऱ्या बाईंची नेमणूक झाली आहे, पत्रही गेलं आहे. त्या बाई दोन वर्षं वाट बघत होत्या. त्यांचं पत्र परत मागवा असं माझ्या तोंडून निघेना.

नोकरी गेली त्याचा राग नाही. कुणाचीही जाते. रोज सकाळी मी डबा भरत होते, पोळ्या मोजून, आणि तो बघत होता. मी सगळ्यांना सांगत होते, दत्ता आहे म्हणून मी हे करू शकते, आणि तो शेजारी उभा राहून ऐकत होता. माझी नोकरी त्याने घालवली नाही. मला ती माझ्या हाताने देऊन टाकू दिली. हे मी त्याला सांगितलं. तेव्हापासून आम्ही दोघं दिवसभर या एवढ्याशा घरात आहोत आणि एकमेकांना वाट देत फिरतो. तो स्वयंपाकघरात आला की मी गॅलरीत जाते. पीएचडीचं काय करणार ते मला आत्ता विचारू नका, मलाच माहीत नाही.

तो म्हणतो, कुणालाच माहीत नव्हतं, आईला नाही, मावशीला नाही, कुणालाच नाही. तेवढं एक मला बरं वाटलं. सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटीच वेडी ठरले, असं तरी नाही झालं. तुम्ही मला कधी गोड बोलून काही झाकलं नाहीत. माझ्या हातची पहिली पुरणपोळी तुम्ही अर्धी बाजूला ठेवली होती, आणि मला तेव्हाच तुम्ही आवडला होतात. म्हणून तुम्हालाच लिहावंसं वाटलं. दोन-चार दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का?

तुमची
शेफाली

*

कसबा पेठ, २५ नोव्हेंबर

चि. शेफाली,

ये. पण हे पत्र शेवटपर्यंत वाचून मग ठरव.

मला माहीत होतं. नऊ नोव्हेंबरपासून. दत्ताने कॉम्प्युटरच्या पंख्यांचा तक्ता पाठवला होता, त्यावरून मला कळलं की तो दिवसा घरी असतो. मी विचारलं आणि त्याने कबूल केलं. त्याने बावीसपर्यंत वेळ मागितला आणि मी दिला. मावशीला माहीत नव्हतं असं तो तुझ्याशी खोटं बोलला ते मला सांभाळायला. त्याचं ते खोटं मी पांघरून घेणार नाही.

नऊला मला कळलं आणि सतराला तू राजीनामा दिलास. मध्ये आठ दिवस होते. तुझा पत्ता माझ्याकडे आहे, वाघोलीची बस मला मनपावरून मिळते, आणि मला दुसरं काही काम नव्हतं. तारखा मी बोटांवर मोजत होते, पंचवीस अजून लांब आहे म्हणत. तू त्याआधीच देशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या नोकरीचा निर्णय आम्ही दोघांनी तुझ्या पाठीमागे आमच्या सोयीने लांबवला. त्याला मी सांगत होते, ठरवणारा तू कोण, आणि तेच मी करत होते.

आणखी एक. तो घरी असतो हे तुला कळू नये म्हणून पंखे गप्प करायचे होते. ते कसे करायचे हे मीच शिकवलं. किती टक्के, खाली काय घालायचं, सगळं. आधी मला कारण माहीत नव्हतं, पण अकरा तारखेच्या पत्रात लिहिलं तेव्हा पुरतं माहीत होतं. माझ्या हातून हे पूर्वी एकदा झालं आहे, एका बाईच्या बाबतीत, आणि तिला सांगायचं राहून गेलं. तुझ्या बाबतीत ते राहू द्यायचं नाही म्हणून आज लिहिते आहे. माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. मागायचीच असेल तर ती समोर बसून मागेन.

पुरणपोळी कच्ची होती म्हणून बाजूला ठेवली होती. तेवढं खरं बोलणं सोपं असतं.

खोली झाडून ठेवली आहे. आलीस तर मनात आहे ते सगळं बोल, राखून ठेवू नकोस. फक्त माझ्याकडे तोंड करून बोल. मला ओठ वाचता येतात, आणि तुझा एकही शब्द मला चुकवायचा नाही.

प्रेमला